कोरडं फडकं

गाडीवरचं कव्हर ओढलं तेव्हा त्याचं आतलं अस्तर सुटून बॉनेटला चिकटून राहिलं. भिंतीचे पोपडे सोलावेत तसे त्याचे तुकडे मी बोटांनी उचलत होते, आणि खालून दिसणारा रंग आमच्या गाडीचा वाटत नव्हता. आमची गाडी गडद निळी, संध्याकाळी काळीच भासावी इतकी गडद. समोर होता तो खडू पुसलेल्या पाटीचा रंग. छतावर पाण्याच्या थेंबांचे पांढरे गोल, एकात एक अडकलेले. डिकीवर पक्ष्यांच्या विष्ठेनं पाडलेले खळगे. बॉनेटवरून हात फिरवला तर खरखर लागली, काचेवर मीठ सांडल्यासारखी.

बाबा दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सहा वर्षांपूर्वी काचबिंदूचं निदान झालं आणि बाबांनी गाडी चालवणं सोडलं. बाजूची नजर कमी झाली होती. समोरचं, जवळचं त्यांना अजूनही नीट दिसतं, पण रस्त्यावर कडेनं कोण येतंय ते कळेना. एक दिवस त्यांनी आपणहून किल्ली माझ्या हातात दिली. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. सुरुवातीला पंधरा दिवसांतून एकदा गाडी सुरू करून ठेवायचे, मग महिन्यातून एकदा, मग तेही राहून गेलं. कव्हर दुसऱ्याच वर्षी मागच्या बाजूला आणि छतावर फाटलं होतं. ते मी पाहिलं होतं. 'नवीन आणू' असं मनाशी म्हणून आत गेले होते. त्या फाटक्या जागेतून चार वर्षं ऊन, पाणी आणि पाखरं आपापलं काम करत राहिली, आणि जिथे कव्हर शाबूत होतं तिथे ते वाऱ्यानं फडफडत खालची धूळ रंगावर घासत राहिलं.

एका वर्कशॉपमध्ये विचारलं तर पूर्ण रंगवून घ्या म्हणाले. बाबांना ते पटेना. "मूळचा ड्यूको आहे गं तो," एवढंच म्हणाले. गाडीच्या कुठल्याही रंगाला ते ड्यूकोच म्हणतात. तो शब्द ड्यू पॉन्ट कंपनीच्या १९२० च्या दशकातल्या सेल्युलोज रंगाचा. तो रंग कधीच मागे पडला, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं. पण बाबांचं म्हणणं खरं होतं. कारखान्यात गाडीचं नुसतं पत्र्याचं धड असतं, रबर, वायरी, सीट काहीच बसवलेलं नसतं, तेव्हा रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्का करतात. तयार गाडीला ती आंच देता येत नाही. दुरुस्तीचा रंग साधारण ६० अंशांवर वाळवतात. तो वाईट असतो असं नाही, पण तो दुसरा रंग असतो. म्हणून मी ठरवलं की आधी आहे त्यातलं किती वाचतंय ते पाहायचं, आणि ते मीच करायचं.

पहिला पूर्ण दिवस नुसता धुण्यात गेला. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक हातमोजा खळबळून घ्यायची. मग लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण मारलं. ते रंगात रुतलेल्या लोखंडाच्या कणांना भेटलं की जांभळं होतं. पांढऱ्या गाडीवर फार उठून दिसतं म्हणे, पण आमच्या निळीवरूनही दाराच्या कडेनं जांभळे ओघळ उतरताना स्पष्ट दिसले. हे कण ब्रेकच्या झिजेतून उडतात आणि रंगात टोचून बसतात. त्यानंतर क्ले बार, म्हणजे लांबीसारखा मऊ गोळा, भरपूर वंगण मारून रंगावरून सरकवायचा. स्वच्छ झालं की नाही हे कळायला एक साधी युक्ती आहे. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि बोटांची टोकं रंगावरून हलकेच फिरवायची. उघड्या बोटाला गुळगुळीत वाटणारी जागा पिशवीतून चक्क खडबडीत लागते. पिशवीतूनही काही लागेनासं झालं तेव्हा संध्याकाळ झाली होती. रंग स्वच्छ झाला होता, तरीही पाटीसारखाच होता.

रात्री गॅरेजचा दिवा घालवला आणि टॉर्च लावला.

टॉर्चच्या प्रकाशाभोवती कोळ्याचं जाळं पसरलेलं दिसलं. बारीक, चमकदार, गोल गोल धागे, मध्यभागी टॉर्चचं प्रतिबिंब. मी टॉर्च डावीकडे नेला तर जाळंही डावीकडे सरकलं. उजवीकडे नेला तर उजवीकडे. जणू जाळं गाडीवर नाहीच, टॉर्चलाच बांधलेलं आहे. याचं कारण समजून घ्यायला मला वेळ लागला. ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना, हजारोंनी, एकमेकांवरून गेलेले असतात. त्यातला जो ओरखडा प्रकाशाला आडवा असतो तोच डोळ्याकडे चमक फेकतो, बाकीचे गप्प राहतात. म्हणून प्रकाशाभोवती वर्तुळं उमटतात. दिवसा हेच सगळे ओरखडे मिळून प्रकाश इकडेतिकडे विखरून टाकतात आणि निळा रंग पांढुरका दिसतो. रंगद्रव्य खाली जसंच्या तसं आहे, फक्त त्यावरची काच घासून धुरकट झाली आहे.

ही काच म्हणजे क्लिअर कोट. १९८० च्या दशकापासून तो गाड्यांवर रुळत गेला. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सगळ्यात वर हा बिनरंगाचा थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे चमक, उन्हापासूनचं संरक्षण, सगळं जे काही आहे ते केसाहून कमी जाडीत. पॉलिश करणं म्हणजे या थरात काही भरणं नव्हे. ओरखडा भरला जात नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणायचा, म्हणजे ओरखड्याच्या कडा उरत नाहीत. जे काढलं ते परत येत नाही. हे एकदा नीट कळलं की मशीन हातात घेताना माणूस सावध होतो, आणि व्हायलाच हवं.

बाबा चहाचे कप घेऊन गॅरेजमध्ये आले तेव्हा मी बॉनेटवर वाकले होते. त्यांनी कप ठेवले आणि माझ्या शेजारी वाकून पाहू लागले.

"हे कशानं झालं?"

"धुळीनं," मी म्हटलं.

"धूळ तर मी रोज पुसायचो."

मी काहीच बोलले नाही. त्यांनी माझ्या हातातून टॉर्च घेतला आणि काचेच्या खालून हेडलाइटकडे हळूहळू सरकवला. जाळ्याच्या बारीक धाग्यांमध्ये काही ओरखडे जाड होते, लांब कमानीसारखे, सगळे एकाच दिशेनं वळलेले. बाबांनी उजवा हात उचलला. हातात काही नव्हतं. ऑफिसला निघण्यापूर्वी रोज फिरवायचे तसा त्यांनी तो हवेत एकदा फिरवला, खांद्यापासून, काचेकडून पुढे आणि बाहेर. मग तसाच थांबवला. कमानी त्याच होत्या.

"म्हणजे माझ्याच हातानं," ते म्हणाले.

"कोरडी धूळ पुसली की ती पॉलिश पेपरसारखी वागते, बाबा. आधी पाणी मारून सोडवायला लागते. मलाही हे आत्ता आत्ताच कळलंय."

"चौदा वर्षं," एवढंच म्हणून त्यांनी टॉर्च बॉनेटवर ठेवला, आणि लगेच चपापून उचलून माझ्या हातात दिला. ओरखडा पडेल म्हणून.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडीकडे दुर्लक्ष झालं ते माझ्याकडून. बाबांनी तर ती एक दिवस न चुकवता पुसली. पिवळं फडकं, डिकीत ठेवलेलं, एक झटका देऊन झाडलेलं, मग छत, काचा, बॉनेट, दारं, डिकी, याच क्रमानं. लहानपणी खिडकीतून ते पाहत मी केस विंचरत असायचे. आणि आता टॉर्च त्यांच्याच हातावर बोट ठेवत होता. हे मी त्यांना दाखवायला नको होतं असं वाटत राहिलं.

जाडी मोजायचं यंत्र दुसऱ्या दिवशी हाती आलं. हातात मावणारं, पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवणारं. पोलादावर ते चुंबकीय प्रवर्तनानं मोजतं, अॅल्युमिनियमवर भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या विद्युतप्रवाहांनी. साधं यंत्र प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. आणि ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, क्लिअर कोट वेगळा किती ते सांगत नाही. शिवाय त्याची स्वतःची चूक दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणून एका जागी चार-पाच वेळा टेकवून पाहायचं. मी मास्किंग टेपचे तुकडे लावून प्रत्येकावर आकडा लिहीत गेले. छत ११८. पुढचं डावं दार ११५. डिकी १२१. बॉनेटच्या कडा ११०, पण मधोमध ९० च्या आसपास, एके ठिकाणी ८७. बाबांना विचारलं तर त्यांना आठवलं, सर्व्हिसिंगच्या वेळी दोनदा रबिंग-पॉलिश करून दिलं होतं. दोन्ही वेळा बॉनेट आरशासारखं दिसत होतं म्हणाले. तो आरसा या वीस-पंचवीस मायक्रॉनमधून निघाला होता.

मागचं उजवं दार मोजलं आणि आकडा आला २७४. पुन्हा टेकवलं. २६८. २८१. संपूर्ण दारभर तसंच.

"बाबा, या दारावर दुसऱ्यांदा रंग बसलाय."

ते खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र खाली आलं नाही, पण पानही उलटलं गेलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "तू शाळेत होतीस. तुला ताप आला म्हणून शाळेतून फोन आला. निघताना खांबाला घासली." मग म्हणाले, "आईला सांगितलं नाही. आधीच घाबरली होती ती. सर्व्हिसिंगला टाकलीय म्हणालो."

मला तो ताप आठवतो. मागच्या सीटवर आडवी पडून घरी आले होते, डोकं उजव्या दाराला टेकवून. दाराचा पत्रा त्या दिवशी बाहेरून खरवडलेला होता हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. रंगाच्या जाडीनं सांगितलं.

रोटरी पॉलिशर, म्हणजे पॉलिश करायचं फिरतं मशीन, थेट गाडीवर लावायचा नाही हे मला शिकवणाऱ्यानं आधीच बजावलं होतं. त्यानं भंगारातलं एक बॉनेट आणून दिलं. जुनं, लाल, उन्हानं गुलाबी पडलेलं. क्लिअर कोट नसलेला एकपदरी रंग. दोन मिनिटांत लोकरीचं पॅड लालभडक झालं. मी घाबरून मशीन थांबवलं. तो म्हणाला, यात वर काच नाही, रंगच घासला जातो, म्हणून पॅडवर रंग येणारच. क्लिअर कोटच्या गाडीवर पॅडला रंग लागला तर मात्र थांब, म्हणजे काच संपली.

रोटरीचं पॅड एकाच आसाभोवती फिरतं, भिंगरीसारखं. ड्युअल अॅक्शन मशीनचं पॅड फिरतंही आणि डुलतंही, आणि जास्त दाबलं की फिरणं सोडून देतं. रोटरी सोडत नाही. तुम्ही दाबाल तसं ते कापत राहतं. १५० मिलिमीटरचं पॅड मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याची कड ताशी ४२ किलोमीटरच्या वेगानं रंगावरून जात असते, आणि त्याच पॅडचा अगदी मध्यबिंदू जागेवर स्थिर असतो. हा फरक हाताला जाणवतो. माझं मशीन वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं. पुढची कड किंचित जास्त टेकली की मशीन डावीकडे निघतं, मागची टेकली की उजवीकडे. पहिला तासभर ते मला ओढत होतं. मग कधीतरी लक्षात आलं की ताकद लावून त्याला धरायचं नसतंच. मनगटानं एक-दोन अंश कललं की ते आपोआप हव्या दिशेला चालू लागतं, आणि ती ओढच वापरून पुढे जायचं असतं. मला त्या मशीनची गोडी तिथे लागली.

त्या लाल बॉनेटची कड मी जाळली. बॉनेटच्या मधून जाणारी उठावदार रेघ असते ना, तिच्यावर पॅड दोन सेकंद रेंगाळलं असेल. करपल्यासारखा वास आला आणि लालमधून राखाडी रेघ उघडी पडली, प्रायमरची. ओला रंग धारदार कडेवरून ओघळून दोन्ही बाजूंना जातो, म्हणून कडेवर तो मुळातच पातळ बसतो, आणि सपाट पॅड कडेवर आलं की सगळा दाब तेवढ्या एका रेघेत एकवटतो. राखाडी रेघ मी बराच वेळ पाहत बसले. मग आमच्या गाडीच्या प्रत्येक कडेवर, प्रत्येक उठावावर, दाराच्या फटीवर, रबरावर टेप लावला. अख्खी सकाळ त्यात गेली आणि ती वाया गेली असं कुणी म्हणालं तर मी ऐकणार नाही.

आता ज्याला पहिल्यांदाच करायचंय त्यानं ड्युअल अॅक्शन घ्यावं, असंच मी सांगेन. ते हळू कापतं पण चूक पोटात घालतं. मी रोटरी घेतलं कारण शिकवणारा त्यातला होता आणि छताची अवस्था तशीच होती. नुसती हौस म्हणून त्या वाटेला जाऊ नये.

डिकीवर दोन फूट बाय दोन फूट जागा आखून आधी चाचणी घेतली. सगळ्यात मऊ फोम आणि सगळ्यात बारीक पॉलिशपासून सुरुवात करायची, त्यानं भागलं तर पुढे जायचंच नाही. भागलं नाही. मधला फोम. तरी जाळं राहिलंच. मग लोकरीचं पॅड आणि कटिंग कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश. वायर खांद्यावरून मागे टाकली, पॅड रंगावर टेकवलं आणि मगच बटण दाबलं, नाहीतर कंपाउंड भिंतीपर्यंत उडतं. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर पसरवलं, १४०० वर नेलं. आडवा हात, मग उभा हात, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा. मुंगी चालावी इतकं हळू. कंपाउंडमधले अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण आधी करकरतात, मग तुटत तुटत बारीक होतात आणि मशीनचा आवाज बदलतो, मऊ होतो. दूधट थर विरळ होऊन पारदर्शक दिसायला लागला की थांबायचं. हाताची पालथी बाजू लावून पाहायची. कोमट चालेल, चटका लागायला नको.

पुसलं आणि खालून निळा रंग वर आला. वर आला असंच म्हणायला हवं. खोल पाण्यात काही दिसावं तशी धातूची चांदणी चूर त्यात हलत होती. अर्धवट टेप लावलेल्या त्या चौकोनाच्या एका बाजूला पाटी, दुसऱ्या बाजूला रात्र. बाबांना हाक मारली. ते आले, वाकले आणि त्यांना त्यात स्वतःचा चष्मा दिसला. चष्मा त्यांनी काढला, पुन्हा घातला. "अगं, हीच की ती," म्हणाले.

पण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून ती जागा पुसल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नव्हते. पॉलिशमधलं तेल बारीक ओरखड्यांत बसतं आणि ते बुजल्यासारखे दिसतात. तेल निघालं की ते परत हजर. पुसलं. टॉर्च मारला. जाळं नव्हतं. बाबांच्या कमानीही नव्हत्या. चौदा वर्षांच्या हजारो फेऱ्या, आणि त्या सगळ्या मिळून तीन-चार मायक्रॉनच्या आतच होत्या.

खळगे मात्र होते. पाखरांच्या विष्ठेतलं आम्ल रंगात उतरलेलं, उन्हात तापून पसरलेला रंग थंड होताना तिच्याभोवती आवळलेला. दुसरा हात मारला. कडा मऊ झाल्या, खळगा तिथेच. यंत्र लावून पाहिलं, त्या जागेच्या भोवतीचे आकडे घटत चालले होते. तिसरा हात मी मारला नाही. तो खळगा काढायचा तर त्याच्या तळापर्यंत सगळा क्लिअर कोट खाली न्यावा लागला असता, आणि मग पुढच्या काही उन्हाळ्यांत डिकीची सालं निघाली असती. साल निघालेल्या क्लिअर कोटला कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही.

म्हणजे डिकीवरचं बाबांच्या हाताचं सगळं निघून गेलं होतं आणि राहिलं होतं ते माझ्या सहा वर्षांचं. मी फाटलेलं कव्हर पाहून आत गेले होते ते. एकूण सात खळगे. मला त्यांची जागा पाठ आहे.

छताला दोन दिवस लागले, दारांना तीन. बंपरवर वेग कमी ठेवला, कारण पत्रा उष्णता वाहून नेतो, प्लॅस्टिक नेत नाही, ती रंगातच साठते. दर दोन-तीन चौकोनांनंतर लोकर विंचरून साफ केली. भरलेलं पॅड कापत नाही, नुसतं तापतं. पाठ आणि खांदे रात्री बोलायचे. मागच्या उजव्या दारावर २७४ मायक्रॉन असूनही मी हलकाच हात ठेवला, कारण दुरुस्तीचा रंग किती थरांत आहे ते आकडा सांगत नाही. बॉनेटवर मधोमध लोकर लावलीच नाही. मध्यम फोम, एकच हात. तिथल्या दोन-तीन जाड कमानी अजून आहेत. ८७ वर मी कुणालाही पुढे जाऊ देणार नाही, मलाही नाही.

शेवटच्या दिवशी गाडी ट्यूबलाइटखाली निर्दोष दिसत होती. दुसऱ्या दिवशी उन्हात काढली आणि माझं काळीज हललं. दारांवर धुराच्या लाटांसारखे पट्टे, आपण चाललो की तेही चालणारे. होलोग्राम. रोटरीच्या लोकरीनं मागे सोडलेल्या अतिबारीक समांतर रेघा. ट्यूबलाइटचा पसरट उजेड त्या लपवतो, ऊन लपवत नाही. मी पाचव्या दिवशीच गाडी बाहेर काढून एक दार उन्हात पाहायला हवं होतं. गाडी परत आत घेतली. मऊ फोम, बारीक पॉलिश, १००० फेऱ्या, मशीनच्या वजनापलीकडे काही दाब नाही. आणि शेवटचा हात उसनं आणलेल्या ड्युअल अॅक्शननं. त्याचं डुलणं रोटरीच्या रेघांना दिशाच उरू देत नाही. आणखी दोन दिवस गेले. मग मात्र उन्हातही दार शांत दिसलं, आणि त्यावर मेणाचा हात दिला.

त्यानंतरच्या सकाळी मी उठून बाहेर आले तर बाबा गाडीजवळ उभे होते. रात्री वारा सुटला होता, बॉनेटवर धुळीचा पातळ थर होता. बाबांच्या हातात पिवळं फडकं होतं. त्यांनी ते कुठून शोधून काढलं कुणास ठाऊक. ते एक झटका देऊन झाडलं होतं आणि हात वर उचललेला होता, पण तो खाली आला नव्हता.

"आता धूळ कशी काढायची, सांग," ते मागे न वळता म्हणाले.

मी पाण्याचा पाइप आणला. वरून, छतापासून पाणी सोडलं. मेणावरून पाण्याचे मणी होऊन ते धुळीसकट घरंगळत खाली गेलं. बाबांनी पाइप माझ्या हातातून घेतला आणि स्वतः बॉनेट धुतलं, काचेकडून पुढे, त्यांच्या नेहमीच्या क्रमानं. मग मी ओला मायक्रोफायबर दिला आणि दाब न देता सरळ रेषेत ओढायला सांगितलं. गोल नाही. दोनदा त्यांचा हात कमानीत गेला, दोन्ही वेळा त्यांनीच तो सरळ केला.

झाल्यावर त्यांनी पिवळ्या फडक्याची घडी घातली, दार उघडलं आणि ते डॅशबोर्डच्या खणात ठेवलं.

"आतून काच पुसायला चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं.